डु छाप

गयामावशीच्या वर्कशॉपात पाऊल टाकलं की ती आधी तुम्हाला हात पुढे करायला लावायची. पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. तळहातावर ती लिंबाएवढे दोन लाल गोळे ठेवायची. "वळखा. ह्यातला परदेशी कोनता आन मिरजगावचा कोनता?" माणूस दोन्ही गोळे दाबून, फिरवून बघायचा आणि बहुतेक वेळा चुकायचा. मग मावशी मांडीवर थाप मारून हसायची, आपला गोळा उलटा करायची आणि खालच्या भोकाच्या कडेला छाप तापवून उठवलेलं अक्षर दाखवायची : डु. डु म्हणजे डुप्लिकेट.

हे गोळे व्हिडिओ गेमच्या दांड्यांच्या टोकाला बसवायचे. नाणं टाकून उभ्यानं खेळायची ती कपाटाएवढी यंत्रं आता जुन्या वस्तूंच्या शौकिनांकडेच उरली आहेत. एके काळी मिरजगावच्या एसटी स्टँडसमोर मावशीच्या नवऱ्याचं या खेळांचं दुकान होतं. यंत्रं परदेशी, मुंबईहून वापरलेली म्हणून आलेली. दांडा मोडला की सुटा भाग कुठेच मिळायचा नाही. शेवटी मावशी मोडका दांडा घेऊन शेजारच्या लेथवाल्याकडे गेली आणि "मला बी शिकीव" म्हणून तिथेच ठाण मांडून बसली. पुढे नवरा गेला, दुकान मोबाईलने गिळलं, पण लेथवाल्याने धंदा बंद केला तेव्हा तो लेथ मावशीने आपल्या दारात आणला. मी तिच्याकडे जाऊ लागले तोवर तिचे गोळे, बटणं आणि बटणांखालच्या पितळी पत्त्या पार समुद्रापलीकडच्या यंत्रांत बसत होत्या.

नवा भाग झाला की ती तो जुन्या यंत्रात बसवायची आणि डोळे मिटून खेळायची. पडद्यावरचं विमान केव्हाच फुटलेलं असायचं, हिचं लक्ष हाताकडे. "टक्क वाजलं पायजे. टुक्क वाजलं म्हंजे पत्ती जाड झाली." आणि मग तिचं ठरलेलं वाक्य : "हाताला कळता कामा न्हाई, पन डोळ्याला कळलंच पायजे." हाताला फरक कळला तर काम कच्चं. डोळ्याला कळला नाही तर काम खोटं.

आमचं घर तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून. माझ्या बाबांनी जन्मभर पत्रकं काढली, पाण्यासाठी, स्मशानाच्या वाटेसाठी, रोजगार हमीच्या कामासाठी. आमच्या खाटेखाली त्यांचेच गठ्ठे असत. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबांचं पूर्ण नाव. 'एक हितचिंतक' असं त्यांनी कधी लिहिलं नाही. त्यामुळे मावशीचा 'डु' मला पहिल्या दिवसापासून घरचाच वाटला.

एकदा चहाच्या टपरीवर एकाने तिला डिवचलं. "गयाबाई, माल डुप्लिकेट आन धर्मबी डुप्लिकेट! नवबौद्ध म्हंजे नवाच की."

मावशीने कप खाली ठेवला. "माज्या आज्यानं छप्पन साली समद्यांदेखत हात वर करून धर्म घेतला, दाजी. इचार करून घेतला. तुमी तुमचा कवा घेतला? पाळन्यात पडल्या पडल्या मिळाला न्हवं?"

टपरी हसली. दाजीही हसला, पण जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपाच्या दारावर पाटी लागली : 'डुप्लिकेट वर्क्स, मिरजगाव'.

खरा पेच आणला पुण्याच्या एका शेठने. शेठ जुनी यंत्रं दुरुस्त करून 'संपूर्ण मूळ' अशी पाटी लावून श्रीमंतांना विकायचे. गाडीतून उतरले, हात पुढे केला, ओळखायला चुकले आणि भलतेच खूश झाले. "वर्षभर पुरेल एवढं काम देतो, बाई. फक्त ते अक्षर नको."

मावशी एकटी असती तर शेठ चहाच्या आधीच वाटेला लागले असते. पण तिच्या हाताखाली रेखा आणि संजीवनी होत्या, खर्ड्याकडच्या दोघी जावा, ऊसतोड सोडून आलेल्या. त्या वर्षी काम आटलेलं होतं. ते असंच राहिलं तर दिवाळीनंतर दोघींना पुन्हा नवऱ्यांबरोबर फडात जावं लागणार होतं.

मावशीने शेठला बाहेर बसवलं. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुजं पत्रक तोंडावरच छापलंय." मग दोघींकडे वळली. "पोरींनो, फडात तुमाला जायचंय, मला न्हाई. तवा तुमी सांगा."

रेखा अक्षराचा छाप फडक्याने पुसत होती. "मावशी, फडात मुकादम मला रेखा म्हनत न्हाई. नवरा-बायकू मिळून एक कोयता. नवरा निजला तर मी अर्धा कोयता. हितं ह्यो छाप मी मारते."

"आन छापच न्हाई मारायचा तर नुसतं गोळंच वळायचं व्हय?" संजीवनी म्हणाली. "त्ये काय, शेनाचं घरीबी वळलं असतं."

मावशी हसतच बाहेर गेली. "शेठ, आमचा माल डुप्लिकेट हाय, आमी न्हाई. चहा घ्या आन निघा."

दिवाळी जवळ आली. मुकादमाचे फोन सुरू झाले. तेवढ्यात नगरला जुन्या खेळांचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं आणि मावशीने आपलं शेवटचं यंत्र टेम्पोत चढवलं. त्याची पुढची फळी काढून तिने काच बसवली होती. आतला एकेक भाग दिसत होता, 'डु' वर येईल असा बसवलेला. मी पत्रक लिहिलं. मथळा : 'आमचा माल डुप्लिकेट आहे!' तळाशी मावशी, रेखा, संजीवनी, तिघींची पूर्ण नावं.

शेठचं यंत्र आमच्या समोरच होतं, दोरीआड, 'संपूर्ण मूळ' पाटीसकट. आमचं पत्रक वाचून लोक आधी हसले, मग थांबले, मग रांग लागली. केस पिकलेला एक गडी दांडा धरून ओरडला, "आरं, ह्यो तर आपल्या स्टँडवरचाच दांडा!"

"त्यो न्हाई, त्याच्यावानी हाय," मावशीने काचेवर बोट ठोकलं. "नीट बगा."

दुपारी शेठच्या दांड्याचा गोळा एका बड्या पाहुण्याच्या हातातच निघून आला. कुठून तरी आणलेला बिनछापाचा गोळा, पार चिरलेला. शेठ आमची रांग ओलांडून मावशीपाशी आले. हलक्या आवाजात म्हणाले, "एक गोळा मिळेल का?"

"मिळंल की," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बसवूनबी देते. पन पाटी खरी करायची."

शेठने पाहुण्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि मान डोलावली. रेखा दोरी ओलांडून आत गेली. तिने गोळा आवळला, आणि मग माझ्याकडचं पेन घेऊन 'संपूर्ण मूळ'च्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं : 'गोळा सोडून'. हॉलभर टाळ्या पडल्या. आधी पाहुण्यानेच वाजवल्या.

टेम्पो मिरजगावला पोचायच्या आत फोनवर कामं येऊ लागली. छाप असलेलाच माल हवा, असं लोक बजावून सांगत होते. परतीच्या वाटेवर मुकादमाचा फोन आला, तो रेखाने घेतला. "कोयता हितं न्हाई," ती म्हणाली. "रेखा हाय. काय काम हुतं?"

मावशीला जाऊन आता वर्ष होत आलं. लेथ रेखा चालवते, छाप संजीवनी मारते. पण मला मावशी आठवते ती तिच्या शेवटच्या हिवाळ्यातली, शेठचा फोन आला त्या सकाळची. तिचे हात तेलकट होते, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"गयाबाई, घोळ झालाय. बाजारात कुणीतरी तुमच्या डु छापाचा नकली माल आणलाय. मला तसला नको. मला ओरिजनल डुप्लिकेट पाहिजे."

मावशी लेथला धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने कोपराने पुसलं.

"मग गाडी काढा, शेठ," ती म्हणाली. "आन आल्या आल्या हात म्होरं करायचा."