साफ नळ्यांचा अटॅक

डिस्चार्ज कार्डावर सही केली, पण जीव काही स्वस्थ होईना. कौसाबाईंचा ट्रोपोनिन वाढलेला होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे द्रव्य रक्तात उतरतं. ईसीजीही बिघडलेला. आणि अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या रक्तनळ्यांत औषध सोडून काढलेल्या फिल्ममध्ये, अडथळा औषधालाही नाही!

आदल्या दिवशी, ही फिल्म काढतात त्या कॅथ लॅबच्या दारात, मीच त्यांच्या नवऱ्याला, माधवरावांना, सांगितलं होतं, ‘नळ्या साफ आहेत.’ झालं. अटॅक नाहीच, असं धरून त्यांनी गावाकडून, लोह्याहून, जीप मागवली.

“दादा, नळ्या साफ असूनही अटॅक येतो. कारण सापडेपर्यंत दोन दिवस थांबा,” मी म्हणाले.

“नळ्या साफ, मंग अटॅक कुठून आला? गॅस असंल. लई दगदग झाली तिची.”

“मला काय झालंय? घरी जाऊ द्या बाई. हितं जीव घाबरून राहिलाय,” पलंगावरून कौसाबाई म्हणाल्या.

कारण विचारलं तर माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं. ज्याला कारण सांगता येत नाही, त्या डॉक्टरचं कोण ऐकतं? मी सही केली.

दहा मिनिटांत सिस्टरनं हाक मारली. कौसाबाई तोंड धुऊन आल्या आणि छाती धरून आडव्या झाल्या. अंगाला दरदरून घाम. लगेच ईसीजी काढला. नळी पूर्ण बंद झाल्यावर दिसतो तसला आलेख. काल मी या डोळ्यांनी बघितलेली नळी आज बंद कशी?

बीपी ठीक होतं. जिभेखाली नळ्या सैल करणारी गोळी दिली आणि मॉनिटरकडं बघत उभी राहिले. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. माधवराव कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभे होते. त्यांच्याकडं बघायची मला भीती वाटत होती. तिसऱ्या मिनिटाला आलेखाची वर चढलेली रेघ खाली यायला लागली, दुखणंही ओसरलं. म्हणजे गुठळी नव्हती. पायात गोळा येतो तशी नळी आवळली होती. फिल्म काढताना सैल, म्हणून साफ दिसली.

पण आवळली कशानं?

सिस्टर सलाईन लावत होती. “मॅडम, ह्यांचं बोट बघा,” ती म्हणाली. उजव्या हाताचं पहिलं बोट काळं होतं. मिसरी! तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. काहींच्या नळ्या तंबाखूनं अशा आवळतात. आणि केसपेपरवर माझ्याच हातानं लिहिलेलं: व्यसन नाही.

“अहो, तंबाखू खाता का, म्हणून विचारलं होतं ना मी?” मला रागच आला.

“न्हाई खात बाई. मिसरी लावती. दात घासायला. दिवसातून चार-पाच डाव.”

“परवा दुखलं तेव्हा? आणि आत्ता तोंड धुतलं तेव्हा?”

“परवा लावूनच बसले होते. आत्ताबी लावली.”

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. चूक माझ्या प्रश्नात होती. मी डिस्चार्ज कार्ड फाडलं.

“मॅडम, जीप निघाली असती तर?” माधवरावांनी गाठोडं खाली ठेवलं.

“तर तुम्ही गॅस-गॅस करत बसला असता आणि मी कारण शोधत,” मी म्हणाले.

चार दिवसांनी कौसाबाई गोळ्या घेऊन घरी गेल्या. मिसरीची डबी सिस्टरच्या हातात देताना रडल्या. त्यानंतर दुखलं नाही. हल्ली मी बायकांना तंबाखूचं विचारतच नाही. दात कशानं घासता, एवढंच विचारते.

पहिल्यांदा विचारलं ते कार्ड फाडलं त्याच संध्याकाळी, बिलोलीला फोन करून, माझ्या आईला. तिचं काळं बोट लहानपणापासून बघत आलेय मी.

“डॉक्टर होऊन पंचवीस वर्षं झाली तुला,” आई म्हणाली, “आन् आज इचारून राहिलीस?”