आण्णांची पट्टी सुटायच्या आधी

दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात केराआत्या खालून वाकून आत शिरली. केराबाई, माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. साठी ओलांडलेली, अंगानं काटक. नव्या पेठेतल्या माझ्या लेडीज शॉपीत तिनं आजवर पिना आणि बांगड्या सोडून कशाला हात लावला नव्हता. त्या सकाळी मात्र गल्ल्यासमोरचं स्टूल ओढून बसली, रस्त्यावर कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि म्हणाली, "दर्शने, तोंडाला लावायचं काय हाय तुज्याकडं? लगेच गुण येणारं दे."

मला हसूच फुटलं. माझ्या लग्नात जरा पावडर लावू म्हणून बसवली, तर ही बाई मागच्या दारानं पळाली होती. आणि आज स्वतःहून क्रीम मागायला आलेली!

कारण ऐकलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. तिच्या नवऱ्याचं, आण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. दोन्ही डोळे गेल्याला सहा वर्षं झाली. उजेड-अंधार तेवढा कळायचा, माणूस ओळखायचं ते आवाजावरून. डोळे गेले तशी सांगोल्याकडची मेंढरं विकली आणि दोघं सोलापुरात लेकाकडं, बिरुदेवकडं राहायला आली. ऑपरेशन करून घ्या म्हणून सगळ्यांनी डोकं फोडलं, पण हा गडी ऐकेल तर शपथ. कुण्या सोबत्याचा डोळा बिघडला होता म्हणे, तेच धरून बसले. तेव्हापासून आत्याच्या पदराचं टोक मुठीत धरायचं आणि तिच्या मागं मागं चालायचं, दुधाला, देवळाला, दवाखान्याला. आणि गेल्या महिन्यात दूध केंद्राच्या पायरीवरनं आण्णांचा पाय घसरला. पदर काही त्यांनी सोडला नाही, त्यामुळं आत्याही आपटली आणि तिचा गुडघा फुटला. त्याच संध्याकाळी आण्णा बिरुदेवला म्हणाले, डॉक्टर बघ.

"त्यांनी मला बगितलंय ते सहा वरसामागं," आत्या म्हणाली. "तवाची मीच त्यांच्या डोक्यात हाय. आता पट्टी सुटंल आन् म्होरं ही करपल्याली भाकरी दिसंल. वळकतील तरी का गं मला?"

मी तिच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. गालांवर पांढरे पापुद्रे, ओठांच्या बाजूला कातडी तडकलेली, आणि हसली की ताण बसून डोळे मिटायची. उन्हाळे डोक्यावर घेतलेले, बोअरचं जड पाणी, वर थंडीतलं हे कोरडं वारं. जीव तुटला माझा. पण त्याहून जास्त चेव आला! दुकान कशाला टाकलंय मी? तीन आठवडे हाताशी होते. म्हटलं, आत्या, बघच तू आता.

सगळ्यात जास्त खपणारी, सोनेरी झाकणाची, वय लपवणारी म्हणून जिची जाहिरात करतात ती क्रीम मी पहिल्या दिवशी तिच्या हातात ठेवली. वास असा की शेजारचा चप्पलवाला डोकावून गेला. संध्याकाळी बिरुदेवचा फोन, आईच्या तोंडाची आग आग होतेय. धावत गेले. गाल लालबुंद. आणि बाईसाहेबांनी क्रीम लावायच्या आधी काय केलेलं, तर कढत पाण्यानं, अंगाच्या साबणानं तोंड खसाखसा घासलेलं! चांगल्या वस्तूला स्वच्छ जागा नको का, असं वर मलाच विचारते. त्याआधी आठवडाभर तूप लावून झोपत होती, आणि उशीला मुंग्या झाल्यावर माझ्याकडं आली होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

गाल थंडावल्यावर दुसरी दिली, पाण्यासारखी पातळ, जेल म्हणतात ती. लावताना गारेगार, पण रिक्षातून उतरेपर्यंत चेहरा पुन्हा ठणठणीत कोरडा.

मग मी अक्कल गुंडाळून ठेवली आणि आमच्या गिऱ्हाईक असलेल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. वास नसलेली घ्या, घट्ट घ्या. ग्लिसरीन, सिरॅमाइड असलं ओल धरून ठेवणारं काहीतरी त्यात पाहिजे. तोंड कोमट पाण्यानं धुवायचं, टिपायचं, आणि ओलसर असतानाच लावायची. दिवसा उन्हाची क्रीम वरून. आधी दोन दिवस कानामागं लावून बघायचं, आणि हे चुकवायचं नाही.

मी फळीवरच्या सगळ्या घट्ट क्रीम खाली काढल्या आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचत बसले. गिऱ्हाईक आलं तर म्हटलं, थांबा जरा. शेवटी चार उरल्या. आत्याला वाचता येत नाही, तिनं आपली एकेक उघडून नाकाला लावली. पहिली बाजूला, दुसरी बाजूला. तिसरीला नाक लावलं आणि डोळे मिटून तशीच राहिली.

"दर्शने," ती हळूच म्हणाली, "ह्यात मेंढरू हाय."

वेड लागलं का आत्या तुला, असं म्हणत मी डबी हिसकावली. माझ्या नाकाला तर काही लागेना. मागं वाचलं, ग्लिसरीन, सिरॅमाइड, आणि खाली लॅनोलिन. म्हणजे मेंढीच्या लोकरीतनं काढलेली चिकटी! मी स्टुलावरून उठून तिला मिठीच मारली. लोकर कातरायच्या दिवसांत हाताला हेच लागायचं, आत्या सांगत सुटली, हात कसे लोण्यासारखे व्हायचे, आण्णा चिडवायचे की तुझ्या हातातनं भाकरी निसटंल. बोलता बोलता तिचं तोंड असं उजळलं की क्रीम लावायची गरजच नाही असं वाटलं.

कानामागं लावून बघितलं, काही झालं नाही. मग सकाळ-संध्याकाळ सुरू.

आणि आठवडा झाला तरी ढिम्म! पापुद्रे होते तिथंच. ऑपरेशन तोंडावर आलेलं. मी चिडले, आत्या खचली. जाऊ दे, म्हणाली, माजी कातडीच तसली. मला काही पटेना. दुकान बंद केलं आणि तडक तिच्या घरी गेले.

आत्या मोरीत तोंड धूत होती. आण्णा बाजेवर बसलेले. माझा आवाज ऐकून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बिरुदेवानं मेंढरू आणलंय का गं? तुजी आत्या काय सांगत न्हाय. पर तिच्या पदराला लोकरीचा वास येतोय. आन् पदर बी लई मऊ लागतोय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्या बाहेर आली, माझ्यासमोर ओल्या तोंडाला छान बोटभर क्रीम लावली, आणि दुसऱ्या क्षणी पदर उचलून कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड कोरडं करून पुसून टाकलं! जन्म गेला माळावर, धूळ आणि घाम पुसण्यात. हात आपला आपोआप जायचा, तिला पत्ताही नसायचा. आठवडाभर आम्ही पदराची निगा राखत होतो.

"अगं, तोंड काय पुसतेस!" मी असा आवाज टाकला की शेजारीण दारात आली. आण्णा दचकून विचारायला लागले, काय झालं, काय झालं. आत्यानं ओठांवर बोट ठेवून डोळ्यांनीच मला विनवलं. त्यांना कळू द्यायचं नव्हतं. मी आपलं सांगितलं की काही नाही आण्णा, दुकानात लोकरीचे स्वेटर आलेत, त्यातला एक आत्याला दिला, त्याचा वास. आण्णा "व्हय का," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून मी तिचा पदर कमरेला खोचून टाकला. तरी हात जायचाच. बाहेर निघाली की खोच सुटायची आणि पदराचं टोक आण्णांच्या मुठीत. पण चार-पाच दिवसांत फरक पडला, खरंच पडला! पापुद्रे गेले, गाल हाताला मऊ लागायला लागले, हसताना ताण बसेना. सुरकुत्या होत्या तिथंच होत्या. मी तिला स्पष्ट सांगितलं, आत्या, क्रीम कोरडेपणा काढते, वर्षं नाही काढत. ती आरशात बघत राहिली. नंतर म्हणाली, वर्षांचीच तर भीती हाय.

ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटायची. आत्या जपून ठेवलेलं इरकल नेसून आली, तोंडाला क्रीम लावून, आणि खोलीत येताच माझ्या पाठीमागं लपली. सिस्टरनं पट्टी काढली, डोळा पुसला. आण्णांनी उघडझाप केली. पंखा बघितला, खिडकी बघितली, मग माझ्याकडं वळून म्हणाले की दर्शने, तू लई जाड झालीस की. बिरुदेव खो खो हसला. हसता हसता माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी विचारलं, ती कुटं हाय. मी बाजूला झाले. आत्यानं दोन्ही हातांनी पदर तोंडावर ओढून घेतलेला. आण्णा उठले, स्वतःच्या हातानं पदर खाली केला आणि बघत राहिले. मला तर वाटलं, परीक्षा माझीच आहे.

"वाळलीस गं," आण्णा म्हणाले.

आत्याचं तोंड एवढंसं झालं. माझ्या तर डोक्यात तिडीक गेली. इतकी धडपड केली ती हे ऐकायला? मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचाच आवाज कापरा झाला.

"सा वरसं मला मागं बांदून उनातानात हिंडलीस. वाळशील न्हाय तर काय."

आत्या रडली. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, लहान पोरीसारखी रडली. आणि खरं सांगते, रडताना इतकी सुंदर दिसत होती की बस्स.

काळा चष्मा लावून आण्णा बाहेर निघाले. जिन्याची एकेक पायरी स्वतः बघून उतरत होते, आणि तरी पदराचं टोक मुठीत होतंच. आत्याच्या गालांवरनं पाणी वाहत होतं. सवयीनं तिचा हात पदराकडं गेला, तिनं ओढला, पदर येईना. पुन्हा ओढला.

"आता दिसतंय न्हवं तुमास्नी?" ती म्हणाली. "सोडा की पदर."

"सोडला की तू त्वांड पुसशील," आण्णा म्हणाले.