शेऱ्याचा रकाना

आमच्या कॉलेजात खडूचे डबे घ्यायचे तरी तीन कोटेशनं लागायची. त्यातलं एक खरं आणि दोन नावापुरती, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच दुकानदार आणखी दोन लेटरहेडांवर चढे भाव लिहून आणायचा आणि स्टोअरकीपर त्याचा तुलनात्मक तक्ता करायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, म्हणून तर हे लिहायला बसलोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरच्या बाहेर माळावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो. हिवरे बाजारचं बघून आसपासची काही गावं विहिरींची पाणीपातळी मोजायला लागली होती आणि ते आकडे पोस्टकार्डावर आमच्याकडे पाठवायची. प्राचार्यांच्या मनात आलं, की भंगारात काढलेली सहा मशीनं एकत्र जुंपायची, त्यांचा क्लस्टर करायचा, त्यावर हे आकडे चालवायचे आणि एका पडद्यावर सगळं दाखवायचं: कुठल्या गावाचं पाणी किती खाली गेलं, कुठलं मशीन चालू, कुठलं बंद. आता त्याला डॅशबोर्ड म्हणतात. आम्ही नुसतं बोर्ड म्हणायचो.

अशा कामासाठी लायब्ऱ्या मिळायच्या, म्हणजे कुणी तरी आधीच लिहून ठेवलेले प्रोग्रामांचे गठ्ठे. मासिकाबरोबरच्या सीडीवर फुकट यायच्या. आतलं सगळं उघडं, वाचा, बदला, कुणी विचारत नव्हतं. त्यातली एक मी पुण्याहून आणली, आणि आणली ती ढोल वाजवत. दुसरी आमच्या लॅब असिस्टंट मॅडमनी लावली, गुपचूप, कुणाला न सांगता.

मॅडम खर्ड्याकडच्या. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ह्यांनी हॉस्टेलात राहून डिप्लोमा केलेला. करार वर्षाचा, मार्चअखेरीस संपणारा. क्लस्टर टिकला तर लॅबला एक कायमची जागा मिळवतो असं प्राचार्यांनी सांगितलं होतं, आणि ती जागा कुणाची हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. "सर, आईला सांगून ठेवलंय, ही तोड शेवटची," असं त्या मला एकदा चहा पिताना म्हणाल्या होत्या. म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

आता खरं सांगतो. माझी लायब्ररी चालत नव्हती. लॅबमधली दुसरी मशीनं घेऊन बघायचो, तर दोन कशीबशी जोडली जायची, तिसरं जोडलं की दोन दिवसांत सगळंच ठप्प. मी वैतागायचो, वायरींना शिव्या द्यायचो, विजेला द्यायचो. मॅडमचा क्लस्टर मात्र शेजारच्या टेबलावर सहाच्या सहा मशीनं घेऊन चालत होता. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर एका मशीनची पिन भिंतीतून उपटली. पडद्यावरचा एक चौकोन लाल झाला, त्याचं काम बाकीच्या पाचांनी वाटून घेतलं, विहिरींचे आलेख जागचे हलले नाहीत. पिन परत लावली तर थोड्या वेळानं चौकोन हिरवा. "बघा सर, एखादं मशीन बंद पडलं तरी ह्याला फरक न्हाई पडत," त्या हसून म्हणाल्या. आनंदात असल्या की त्यांची गावाकडची बोली बाहेर यायची. मी म्हणालो, "बरं आहे." बस, एवढंच. जळलो होतो, दुसरं काय!

मग कुठली लायब्ररी घ्यायची ते ठरवायला खरेदी समितीसाठी कागद करायची वेळ आली. स्टोअरकीपर म्हणाला, "सर, फुकट असलं तरी तीन नावं पायजेत. तक्त्याशिवाय फाईल हलत न्हाई." तिसरं नाव मी सीडीच्या यादीतून उचललं, ती लायब्ररी मी उघडूनही बघितली नव्हती. किमतीच्या रकान्यात तीन शून्यं पडली. स्टोअरकीपर डोकं खाजवत म्हणाला, "आता ह्यात स्वस्त कोण ठरवायचं? शेऱ्यावरच निकाल लावा."

शेऱ्याचा रकाना रिकामा होता आणि पेन माझ्या हातात. माझी लायब्ररी कशी चालते ते 'बघाच सर' असं प्राचार्यांना म्हणून बसलो होतो ना! माझ्या लायब्ररीपुढे मी लिहिलं, 'सहा मशीनवर समाधानकारक.' मॅडमच्या लायब्ररीपुढे लिहिलं, 'दोन दिवसांत बंद पडते.' दोन्ही शेरे खरेच होते, फक्त ओळी बदललेल्या. शेण खाल्लं मी, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

टाइप करायला कागद गेला तो मॅडमकडेच, कारण लॅबचं टायपिंग त्याच करायच्या. अर्धा कागद टाइप करून त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, हे बंद कधी पडलं?"

"अहो, फॉर्म्यालिटी आहे ती. तक्त्यात कुणी तरी खाली लागतं. तुम्हाला माहितीये आपल्याकडं कसं असतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग सावरून, "हो सर." आणि जाऊन उरलेला कागद टाइप केला. एकही चूक नव्हती त्यात.

मला वाटलं, तक्ता फाईलला लागेल आणि विषय संपेल. पण प्राचार्यांनी तो वाचला! खडूचा तक्ता त्यांनी जन्मात वाचला नसेल, हा वाचला. मार्चच्या शेवटी मला बोलावून म्हणाले, "मॅडमचं काम टिकत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग जागा कुठल्या तोंडानं मागू?" खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझी नोकरी गेली नसती, फार तर दोन शब्द ऐकावे लागले असते. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत उभा राहिलो आणि म्हणालो, "तसं आहे खरं, सर."

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी मॅडमनी लॅबच्या किल्ल्या दिल्या, आकड्यांची वही दिली, कुठल्या गावाची विहीर कुठल्या फाईलमध्ये ते समजावून सांगितलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दारातून तेवढ्या वळल्या. "सर, बंद नका करू. चालू हाय ते."

एप्रिलात तपासणी लागली. स्टोअरकीपर घाबरून आला, "सर, कागदावर नापास हाय ते चालतंय कसं? कुणी विचारलं तर?" मी लॅबमध्ये गेलो. मुख्य मशीन किती दिवस सलग चालू आहे ते विचारायची एक आज्ञा असते, ती टाइप केली. उत्तर आलं, एकसष्ट दिवस. मी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बटण दाबलं.

दिवाळीनंतर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर ओळखीचं. खर्ड्याजवळच्या एका गावाचं नाव, विहिरीची पातळी, आणि खाली दोन ओळी: 'आई तोडीला गेली आहे, म्हणून विहीर मी मोजते. बोर्डवर आमचंही गाव घ्यावे.'

त्यानंतर दर महिन्याला एक कार्ड येत राहिलं, उन्हाळ्यापर्यंत. बोर्ड बंद आहे, हे मी त्यांना कधी कळवलं नाही.