टेबलावरचा विलास

आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या मेहुण्याचं नाव कोरलेलं आहे, आणि ते मीच कोरलं आहे.

चाकणच्या एका कंपनीत मी फिक्स्चर सांभाळतो. फिक्स्चर म्हणजे कापायचा भाग घट्ट धरून ठेवणारं साधन. त्यावर कुणी ओरखडा पाडला की मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. अशा माणसाने हौसेला लाकूड कोरणारा छोटा सीएनसी राउटर घेतला. संत तुकाराम नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याला बसायला एकच सपाट जागा होती, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं सागवानी टेबल.

"एक चरा जरी आला ना," बायको, म्हणजे सुनीता, म्हणाली, "तर तुम्ही आणि मशीन दोघंही गॅलरीत. बाबांना काय सांगू मी?"

"अगं, मध्ये स्पॉइल बोर्ड असतो. पातं आरपार गेलं तर ओरखडे ती फळी खाते, टेबल नाही."

ती फळी मी घासून आरशासारखी केली, क्लॅम्पसाठी ओळीत भोकं पाडली, वर दोन हात पॉलिश मारलं. (खराब व्हायच्या फळीला पॉलिश मारणारा पिंपरी-चिंचवडमध्ये मी एकटाच असेन.) मग मेहुण्याच्या, विलासच्या, थेरगावच्या नव्या घराची पाटी करायला घेतली. मागून दिवा लावायचा होता, म्हणून अक्षरं आरपार हवी होती. कापणं नीट व्हावं म्हणून पातं पाटीच्याही खाली दोन मिलिमीटर जाईल असं मीच मशीनला सांगून ठेवलं.

आणि ऐन वेळी माझा हात थांबला. एवढं देखणं फिक्स्चर, त्यावर ओरखडा? माझ्या हयातीत? मी फळी अलगद काढली, पुसली, कपाटात ठेवली आणि पाटी थेट टेबलालाच क्लॅम्प केली. बांधलं मात्र असं चोख की केसभरही हललं नाही. तिथे माझ्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती.

सुनीता स्वयंपाकघरातून नाक ओढत आली. "अहो, पाटी आंब्याची आहे ना?"

"हो."

"मग सागाचा वास कसला येतोय?"

मी मशीन बंद केलं. पाटी उचलली. ती सुरेख झाली होती. खाली टेबलावरही विलास तितकाच सुरेख उतरला होता, काना-वेलांटीसकट.

संध्याकाळी सासरे आणि विलास पाटी न्यायला, जेवायला येणार होते. आम्ही टेबलावर जाड चादर अंथरली. (सुनीताने चार टोकं इस्त्रीसुद्धा केली.)

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्याच घासाला रश्शाची वाटी लवंडली. "ऱ्हाऊ द्या मामा, मी पुसतो," मी ओरडलो. तोवर त्यांनी आपल्या बाजूची चादर उचललीसुद्धा होती.

त्यांनी खाचेवरून सावकाश बोट फिरवलं.

विलास वाकून वाचत म्हणाला, "दाजी, हे तर माझं नाव हाय."

"व्हय की," मामा म्हणाले. मग चष्मा सारखा करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टेबल म्या दिलं, नाव माझ्या पोराचं. मग जावईबापू, तुमी हितं कुनाकडं जेवायला आलाय?"

सुनीताने माझं ताट उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं, आणि मी ताटामागोमाग गेलो.