डोळे शाबूत, वाचन गेलेलं

आमच्या लोणावळ्याच्या डॉक्टरांचा रोग्याच्या नातेवाइकांवर विश्वास नसे. ते बोलू लागले की डॉक्टर म्हणत, "ज्याला होतंय त्याला सांगू द्या." मग रोग्याला शब्द सापडेपर्यंत चष्मा पुसत बसत. मी त्यांचा कंपाउंडर. तो चष्मा मला कधी मळलेला दिसला नाही.

एकदा बेडशाहून एक शेतकरी वडिलांना घेऊन आला. झटका येऊन गेल्यापासून म्हाताऱ्यांचं बोलणं अडखळत होतं आणि पोथी वाचता येत नव्हती.

"डोळं गेलं, न्हाईतर ढोंग करत्यात," मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनी आढ्यावरची पाल दाखवली. म्हाताऱ्यांना ती लगेच दिसली. मग पाटीवर गावाचं नाव लिहायला सांगितलं. त्यांनी ते नीट लिहिलं, पण स्वतःचंच अक्षर त्यांना वाचता येईना. ते रडू लागले.

डॉक्टरांनी त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

"बे... बेडसं!"

"डोळे शाबूत आहेत, ढोंगही नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला बसलेल्या झटक्यानं वाचन नेलंय. अक्षरं हाताच्या लक्षात आहेत; रोज असं बोटानं वाचू द्या."

"आन् औषध?"

डॉक्टरांनी मुलाला त्याचं नाव हळूच विचारून पाटीवर लिहिलं. म्हाताऱ्यांनी दोनदा बोट फिरवलं आणि मोठ्यानं हाक मारली, "तानाजी!"

मुलगा शेजारीच बसला होता. तरीही "व्हय, आबा," म्हणत तो उठून उभा राहिला.