क्लोजअपमध्ये न दिसलेली आग

‘आत जा, अजून आत!’ इअरफोनवर आमचे डायरेक्टर निखिल सर ओरडले.

आत म्हणजे नटीच्या चेहऱ्याच्या आणखी जवळ. मी मालिकांचा कॅमेरा चालवते. पात्र घाबरलं, की आम्ही हळूहळू झूम करून त्याच्या चेहऱ्यानं सगळा पडदा भरतो. ते कशाला घाबरलं हे लगेच दाखवत नाही. ते कळेपर्यंत बघणारा चॅनल बदलत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात कमलाताईंच्या घरी शूटिंग होतं. खोली लहान. आत फक्त मी आणि नायिका केतकी. निखिल सर अंगणात, मॉनिटरसमोर. दाराशी कोणीतरी उभं आहे असं पाहून केतकीनं मागं सरकायचं आणि किंचाळायचं. मागं जमिनीवर पणत्या.

ती मागं सरकली. एकदम डोळे विस्फारले, ओठ थरथरले. अशी किंचाळली, की माझ्या अंगावर काटा आला. रिहर्सलला यातलं काहीच जमलं नव्हतं. मनात आलं, काय काम करून राहिली ही!

‘सुंदर! थांबू नको,’ निखिल सर.

मी आणखी आत गेले. फ्रेममध्ये आता फक्त तिचे डोळे.

‘ताई!’ ती ओरडली.

स्क्रिप्टमध्ये ताई नव्हती. तरी दोन-तीन सेकंद माझं बोट झूमवरच.

‘अवो बाई, पोरीचा पदर पेटला ना! दिसत नाही काय तुले?’

दारातून कमलाताई धावत आल्या. खाटेवरची गोधडी ओढून त्यांनी केतकीभोवती आवळली. मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला, तेव्हा कुठे मला धूर दिसला. रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं.

केतकीची पोटरी भाजली. दवाखान्यात ड्रेसिंग चालू असताना तिनं विचारलं, ‘ताई, तू माझ्याकडेच बघत होतीस ना?’

मी उठून बाहेर आले.

तिथं निखिल सर म्हणाले, ‘तो शॉट प्रोमोला घेऊ. असा परत मिळणार नाही.’

‘मग कॅमेऱ्यावर दुसरं कोणी बघा, सर.’

त्यांनी तो शॉट वापरला नाही. केतकी बरी झाल्यावर सीन पुन्हा केला, विजेच्या पणत्या लावून. तिचं काम बेताचंच झालं. बघणाऱ्यांनी तक्रार केली नाही.

आता शूटिंग करताना मी दुसरा डोळा उघडा ठेवते. कोणी फारच खरं किंचाळलं, तर आधी कॅमेरा सोडून त्याच्या पायाशी बघते. एखादा चांगला शॉट जातो. जाऊ दे.