तळ्याचा आकडा

पामीरच्या त्या दरीत सबझमोला सगळे रेडिओवाली म्हणत. नवरा गेला, तिने त्याची सोल्डरिंग गन उचलली, ती साठी उलटली तरी खाली ठेवली नाही. शिक्षण चार बुकं. पण बिघाड तिला वासावरून कळे.

वर डोंगरात बर्फाचं तळं. त्यात मोजणीची पेटी बसवलेली. पाण्याचा आकडा बिनतारी खाली यायचा आणि तिचा दीर अलीफबेक तो वहीत लिहायचा. तळं तुडुंब झालं, बांध फुटून खाली येईल म्हणून नदीकाठची अकरा घरं उचलून माळावर आली होती. आता नऊ दिवस आकडा उतरत होता.

"सकाळी खाली, दुपारी थोडा वर. अगदी ओढ्यासारखं, वहिनी! बर्फ दुपारीच वितळणार ना. सगळे निघालेत घरी. आमची ही तर तंदूर पेटवायला पहाटेच गेली."

"ओढा वेगळा रे, शहाण्या. एवढं थोरलं तळं एका रात्रीत हातभर उतरतं होय? वही दाखव."

ढगाळ दिवशी आकडा जास्तच पडला होता. सबझमोचा खारट चहा तसाच निवला. पेटीची बॅटरी उन्हावर भरते, हे तिला ठाऊक होतं. बॅटरीचा कमीजास्त दाब बांधून पाचच व्होल्ट पुढे देणारा तीन पायांचा तुकडा पेटीत असतो; तसलाच तिने डब्यातून काढला आणि मीटर लावला. नऊ व्होल्ट दिले, बाहेर पाच. सात दिले, तरी पाच. सहा दिले, चार.

"हा वाढपी बघ. दोन घास स्वतःला ठेवल्याशिवाय वाढत नाही. पातेल्यात सात आहेत तोवर पाहुण्याला पाच. त्याखाली गेलं की पाहुण्याच्याच ताटात कमी. आणि पाणी मोजणारा अर्धपोटी राहिला की पाणीच कमी सांगतो."

"म्हणजे तळं उतरलं नाही?"

"बॅटरी उतरलीय. तळ्याचं नऊ दिवस आपल्याला काही ठाऊकच नाही."

अलीफबेक वही टाकून उताराने धावत सुटला. सबझमो वाट अडवून उभी राहिली. गाढवं लादून बायका येतच होत्या.

"सर गं, रेडिओवाले! तुझ्या डब्याला पाण्यातलं काय कळतंय?" पुढची बाई ओरडली.

"मला नका विचारू. नदी ऐका."

भर उन्हाळ्यात नदीचा आवाज बारीक झाला होता. वर कुठेतरी तिची वाट बुजल्याशिवाय ती अशी गप्प होत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत. पुढच्या बाईने गाढवाचं तोंड माळाकडे फिरवलं. मागच्यांनीही फिरवलं.

खाली अलीफबेक बायकोला हाका मारत अजून धावतच होता.